बी पेरण्याची वेळ

मुलांनी हौसेने गोळा केलेल्या बिया उगवल्या नाहीत, की दोष बहुधा मुलांच्या हातांना दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा वेळेचा असतो. निंबोळ्या साधारणतः जून-जुलैत पिकतात व त्यांच्या बियांची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत लोपते. जांभळाचेही तसेच. म्हणून या बिया पुढील वर्षासाठी साठवू नयेत. चिंचेच्या व बाभळीच्या बिया मात्र सुकवून ठेवल्यास वर्षभरही टिकतात.

शाळा उघडताच मुलांकडून ताज्या, पिवळ्या निंबोळ्या वेचून घ्याव्यात. गर चोळून धुवावा, बिया सावलीत सुकवाव्यात व आठवड्याच्या आत सुमारे २ सें.मी. खोल पेराव्यात. बाभळीच्या बियांवर उकळून खाली उतरविलेले पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे व बिया २४ तास भिजू द्याव्यात. म्हणजे कठीण कवच मऊ होऊन अंकुर लवकर फुटतो.

प्रत्येक मुलाने १० बिया पेरून किती उगवल्या याची नोंद वहीत ठेवावी. न उगवलेली बी उकरून कारण शोधणे हाही पाठच होय. ज्या मुलास अपयशाचे कारण कळले, तो पुढील पावसाळ्यात पुन्हा बिया वेचावयास निघेल.