गुंगीकारक द्रव्ये : विष, मादक आणि कायदा

डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ ढेकू येथे रायगड पोलिसांनी मेफेड्रोन बनविणारा कारखाना उघडकीस आणला. अशा वृत्तांमुळे अमली द्रव्ये म्हणजे चोरट्या कारखान्यांतील माल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्यांपैकी काही आपल्या चिकित्सालयाच्या व दुकानाच्या फळीवरही असतात. म्हणून विष, मादक आणि कायद्याने गुंगीकारक या तीन संज्ञांतील भेद स्पष्ट असावा.

शार्ङ्गधराने मद्यास 'मदकारी', तर भांग व अहिफेन यांस 'व्यवायी' म्हटले आहे. कायद्याची विभागणी निराळी आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ पुढीलप्रमाणे भेद करतो :

१) अहिफेन : अफू व खसखशीची बोंडे गुंगीकारक, बीज, म्हणजे स्वयंपाकातील खसखस, नव्हे. ०.२ टक्क्यांपेक्षा अधिक मॉर्फिन नसलेली कल्पे 'अफू'च्या व्याख्येतून वगळली आहेत.

२) विजया : गांजा व चरस गुंगीकारक. शेंड्यांविरहित पाने, अर्थात भांग, या व्याख्येत येत नाहीत. मात्र महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे.

३) धत्तूर, पारसीक यवानी, वत्सनाभ, कुचला : विषारी, पहिली दोन भ्रमकारकही. तथापि या अधिनियमाखाली गुंगीकारक नव्हेत. अहिफेन व भांगेसह ही सर्व औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आवश्यक असते.

४) आधुनिक औषधे : कोडीन गुंगीकारक वर्गात मोडते; खोकल्याच्या मिश्रणांना प्रमाणाच्या मर्यादेत सूट आहे. डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल हे मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ होत. ही चारही अनुसूची एच-१ मध्ये असल्याने विक्रेत्याने स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावयाची असते.

आता व्यवहाराचा प्रश्न. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्याखाली विक्रीपरवाना लागत नाही. त्यामुळे अहिफेनयुक्त कामिनी विद्रावण रस सहज मागितला जातो. मुंबई-पुणे महामार्गावरील खालापूर-खोपोली पट्ट्यात रात्रभर गाडी हाकणारा चालक 'थकवा जातो' म्हणून रोज ही गोळी घेऊ लागला, तर ती केवळ वाजीकरण औषध राहत नाही. मात्रा वाढत जाते. गोळी चुकताच जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगदुखी, अतिसार व निद्रानाश दिसतात. हा नवा व्याधी नसून अहिफेनाच्या सवयीची खूण होय. अशा रुग्णास पुन्हा तीच गोळी देऊन वाटेस लावू नये वा ती एकाएकी तोडूही नये. त्यास विश्वासात घेऊन मानसोपचार अथवा व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवावे.

तेव्हा व्यावसायिकांनी एवढे पाळावे : नावावर न जाता वेष्टनावरील घटक वाचावेत, ई-१ मधील कल्पांची विक्री चिठ्ठीवरच करावी व तिची नोंद ठेवावी, वारंवार तेच औषध मागणाऱ्यास कारण विचारावे. 'आयुर्वेदीय आहे, अपाय नाही' हे उत्तर शास्त्रासही मान्य नाही आणि कायद्यासही नाही.