अनुमोदक म्हणून माझं नाव

पोलीस ठाण्याच्या इमारतीचा विषय सभेपुढे आला तो ऐनवेळी. विषयपत्रिकेवर सतरा विषय होते, त्यांत हा नव्हता. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' या शेवटच्या ओळीखाली तो निघाला, तोवर चहा होऊन गेला होता आणि अर्ध्या सदस्यांनी पिशव्या उचलल्या होत्या. सभा लिपिकाने दोन ओळींची टिपणी वाचली: आठवडी बाजाराशेजारची नगरपरिषदेची जागा ठाण्याला नाममात्र भाड्याने द्यावी, इमारतीचा खर्च शासन करील. एकाने सूचना मांडली. "अनुमोदक कोण?" म्हटल्यावर मी हात वर केला. पोलिसांच्या कामाला नाही कोण म्हणणार?

जुनं ठाणं मी आतून पाहिलं होतं. कौलं गळायची, पावसाळ्यात रजिस्टरं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे. महिला शिपायांना कपडे बदलायला रेकॉर्डची खोली, तीही आतून कडी न लागणारी. नवी इमारत हवीच होती, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण मी जागेवर गेले नाही, नकाशा मागितला नाही.

पोलीस हा राज्यसूचीतला विषय. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय दिलेत, त्यांत तो नाही. म्हणून आम्हाला वाटलं, आपला रुपया जात नाही, जागा तर पडूनच आहे. ती पडून नव्हती. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माल आणणारे टेम्पो तिथेच लागत. शिवाय विकास आराखड्यात तिच्यावर बाजार विस्ताराचं आरक्षण होतं. ते बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करावा लागतो: राजपत्रात सूचना, हरकतींना एक महिना, मग शासनाची मंजुरी. ठराव करताना यातलं अक्षर कोणी उच्चारलं नाही. प्रस्ताव त्रुटी लागून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तेवढ्यात दरसूची बदलली आणि अंदाजपत्रक शिळं झालं.

निधीचं तर आणखी गमतीचं. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. आम्हीही त्यावर हात जोडून उभे होतो. अर्थसंकल्पात कामाचं नाव होतं खरं, पण नावापुढे टोकन तरतूद. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, तरतूद आणि खात्यात आलेला पैसा या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला कॉलम उभे राहिल्यावर कळलं. ठेकेदाराची बिलं थकली, मिक्सर गेला, आणि कॉलमवरच्या सळ्या दोन पावसाळे गंजत राहिल्या. तेव्हा यापुढे कोणी 'निधी मंजूर' म्हणालं, तर पत्राची प्रत मागा आणि लेखाशीर्ष व यंदाची तरतूद या दोनच ओळी वाचा. बाकीचं पत्र वाचलं नाही तरी चालेल.

शेवटी तळमजल्यावर भागवून ठाणं हललं. नकाशात कोठडी होती, बिनतारी यंत्राची खोली होती, मुद्देमालाचीही होती. पण मुद्देमाल म्हणजे काही फक्त पाकिटबंद चाकू नव्हे. वाळूचे टिप्पर, अपघातात चेपलेली जीप, चोरीच्या मोटारसायकली, हे कुठे ठेवायचं? आवारात चार गाड्यांपुरती जागा, ती साहेबांच्या वाहनांनी भरली. उरलेलं सगळं बाजाराच्या रस्त्यावर ओळीने लागलं, दारांवर पांढऱ्या रंगात गुन्ह्याचे नंबर. एका टिप्परच्या हौद्यात पावसाचं पाणी साचतं, त्यात डासांच्या अळ्या होतात आणि औषध टाकायला नगरपरिषदेचा माणूस जातो. मडगार्डखाली रुई उगवली आहे. आपला रुपया जात नाही म्हणत होतो ना!

जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षे सडू देऊ नका, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन ती सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितलं आहे. तरी ठाण्याबाहेरचे सांगाडे गावोगाव दिसतात. म्हणजे नकाशात त्यांची सोय धरायलाच हवी. त्याच न्यायालयाने 2020 मध्ये कोठडी, व्हरांडे, ये-जा करायची दारं इथे सीसीटीव्ही सक्तीचे केले. आमच्या शिळ्या अंदाजपत्रकात त्यांचीही सोय नव्हती. वायरिंग मागून भिंती फोडून केलं. आणि महिलांची खोली? ती पहिल्या मजल्यावर दाखवली होती, तो मजला झालाच नाही. आता महिला शिपाई मुद्देमालाच्या खोलीत कपडे बदलतात.

मला सर्वांत जास्त टोचतं ते असं की नकाशा आमच्याच कार्यालयात आला होता. सरकारी खात्याला बांधकामाआधी किमान तीस दिवस नियोजन प्राधिकरणाला कळवावं लागतं, एमआरटीपी कायद्यात कलम 58 आहे तसं, आणि नगरपरिषदेला त्यावर हरकत नोंदवता येते. कागद नगररचना विभागाच्या कपाटात राहिला. मी सदस्य होते, मागितला असता तर दाखवावाच लागला असता.

गेल्या श्रावणात भाजी घेत होते. मावशी पूर्वी कोपऱ्यावर बसायच्या, आता टिप्परच्या चाकाला टेकून बसतात. पेंडी बांधता बांधता म्हणाल्या, "ताई, जागा दिली तेव्हा तुम्हीच होता ना सभेत?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, दहा रुपये परत दिले.

नव्याने निवडून आलेल्यांना सांगते: असा विषय ऐनवेळी आला तर 'पुढच्या सभेत संपूर्ण टिपणी आणि नकाशासह ठेवा' एवढं एक वाक्य बोला, आणि ऐकलं नाही तर आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या. लोक पोलीसविरोधी म्हणतील, चार दिवस म्हणू द्या. सदस्य नसाल तर ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा आणि फेरबदलाची सूचना निघाली की महिना संपायच्या आत लेखी हरकत द्या. तोंडी हरकतीला फाइलमध्ये जागा नसते. ठाण्यात जाऊन तिथल्या महिला शिपायांशी बोला, साहेबांशी नंतर. आणि जागा बघायला जायचं ते रविवारी सकाळी अधिकाऱ्यांबरोबर नको, बाजाराच्या दिवशी दुपारी बाराला, एकटे, पायी जा.