नाव टाकले की पत्ता कोण सांगतो?

प्रश्न : मोबाइलवर संकेतस्थळाचे नाव टाकले की ते क्षणात उघडते. जगभरातल्या कोट्यवधी नावांची यादी कुठे तरी एका जागी ठेवलेली असते का? ती यादीच बंद पडली तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एके काळी अशी एकच यादी खरोखर होती. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर प्रत्येक संगणकाचे नाव आणि त्याचा अंकी पत्ता एका फाइलमध्ये लिहिलेला असे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती फाइल सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे आणि बाकीच्यांनी सुधारलेली फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा, म्हणजे डीएनएसचा आराखडा मांडला. त्याचे मर्म असे : सगळी नावे कुणा एकाला ठाऊक असण्याची गरज नाही, पुढे कुणाला विचारायचे, एवढे प्रत्येकाला ठाऊक असले की पुरे.

मराठी विकिपीडियाचेच उदाहरण घेऊ. त्याचे नाव 'एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग'. टपालाच्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा असे आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो, तशीच या नावाची मांडणी आहे. शोध मात्र उजवीकडून, मोठ्यापासून सुरू होतो. तुमचा फोन स्वतः शोधत बसत नाही. तो बहुधा इंटरनेट कंपनीच्या 'रिझॉल्व्हर' सर्व्हरला विचारतो. त्याच्याकडे काहीच माहिती नसेल, तर तो आधी रूट सर्व्हरकडे जातो. रूटला विकिपीडिया माहीत नसतो, पण 'ऑर्ग'ची नावे कोण सांभाळते ते माहीत असते. 'ऑर्ग'चे सर्व्हर विकिपीडियाच्या नेम सर्व्हरकडे धाडतात आणि तिथे अखेर अंकी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता मिळतो. एवढे सगळे बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत उरकते.

ही पायपीट दर वेळी करावी लागत नाही. उत्तर किती सेकंद जपून ठेवायचे, याचा आकडा उत्तरासोबतच येतो. त्याला टीटीएल म्हणतात. ३०० असेल तर पाच मिनिटे, ८६,४०० असेल तर पूर्ण दिवस. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी तेच नाव विचारले, तर रिझॉल्व्हर जपलेले उत्तर देऊन मोकळा होतो. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवल्यावर काहींना काही काळ जुनेच पान दिसते, ते बऱ्याचदा यामुळेच.

विंडोज संगणकावर हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एनएसलूकअप' लिहा आणि जागा सोडून संकेतस्थळाचे नाव टाका. आधी रिझॉल्व्हरचे नाव आणि पत्ता दिसेल, मग 'नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर' आणि त्याखाली आयपी पत्ते. ते शब्द वाचून बिचकू नका. उत्तर मूळ नेम सर्व्हरने थेट दिलेले नाही, रिझॉल्व्हरमार्फत आले आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

आता बंद पडण्याविषयी. रूट सर्व्हरची नावे 'ए' ते 'एम' अशी १३ आहेत, पण यंत्रे १३ नाहीत. या नावांमागे जगभर मिळून हजाराहून अधिक प्रती चालतात, मुंबईतही आहेत. एक प्रत बंद पडली तर प्रश्न दुसरीकडे जातो. खालच्या पायरीवरची जबाबदारी मात्र ज्याची त्याची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामात झालेल्या चुकीमुळे फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले आणि त्याच्या नेम सर्व्हरकडे जाणारे मार्गच बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद राहिले. त्या वेळी रूट सर्व्हर चालू होते, 'कॉम'चे सर्व्हर चालू होते आणि इतर संकेतस्थळांची नावे सापडत होती.

एवढ्या मोठ्या कंपनीची चूकही तिच्याच नावांपुरती राहिली, कारण यादी कुणा एकाच्या हाती नव्हती. मॉकापेट्रिस यांच्या आराखड्याचे मोठेपण मला यातच दिसते. माहिती वाटून दिली, जबाबदारीही वाटून दिली, म्हणून चाळीस वर्षांनंतरही कोट्यवधी नावांचा भार तो पेलतो आहे.