टॉनिक घेण्याआधी लेबल वाचा

मी राहायला धारवाडच्या सप्तापुरात, माझं शेत कलघटगीच्या वाटेवर. मिरची फुलावर आली तेव्हा दुकानदाराने एक बाटली पुढे केली. ‘नैसर्गिक हार्मोन आहे, बिनधास्त मारा.’ फवारणीनंतर शेंडे सरसर वर गेले, पेरं लांबली आणि फुलं झडून सरीत पडली. बाटली उलटसुलट करून पाहिली, तर घटकाचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. पक्कं बिल दुकानदाराने दिलंच नव्हतं. शिवाय फुलं बाटलीमुळे झडली की पावसाच्या उघडिपीमुळे, हे ठरवायला न फवारलेली एकही ओळ शेतात नव्हती. तक्रार तिथेच बारगळली.

म्हणून हार्मोनच वाईट, असं नाही. ब्रासिनोस्टेरॉइड नावाची हार्मोन्स वनस्पती स्वतःच तयार करतात. पेशींची वाढ आणि विभागणी, उन्हाचा नि पाण्याचा ताण सोसणं, यांत त्यांचा वाटा असतो. 1979 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या रेप या पिकाच्या परागातून त्यांपैकी ब्रासिनोलाइड वेगळं काढलं. मधमाश्यांनी गोळा केलेला शेकडो किलो पराग लागला, हाती आलं ते मोजके मिलिग्रॅम! आपल्याकडे दुकानात मिळतं ते त्याच गटातलं होमोब्रासिनोलाइड 0.04 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम द्रावणात 40 मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत काम करणारी वस्तू ‘थोडं जास्तच घाला’ म्हणून ओतायची नसते. मात्रा वाढली की मुळांची वाढ उलट खुंटते.

तेव्हा बाटली घेताना एवढं पाहा:

• होमोब्रासिनोलाइडसारखी संजीवकं कीटकनाशक कायदा, 1968 खाली नोंदवली जातात. लेबलवर घटक, टक्केवारी, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत हवीच.
• सोबतच्या माहितीपत्रकात तुमचं पीक आहे का ते बघा. मात्रा आणि वेळ त्यातलीच धरा.
• पक्कं बिल घ्या. रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
• आधी थोड्याच ओळींवर मारा आणि शेजारच्या ओळी कोऱ्या सोडा. फरक दिसला तरच पुढे जा.
• हार्मोन म्हणजे खत नव्हे. जमीन उपाशी आणि मुळं कोरडी असतील, तर पैसे वाया जातात.

शंका आली तर रयत संपर्क केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात विचारा. आणि जो बिल द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून फुकटची बाटलीही घेऊ नका.