घरच्या कुत्र्याचा आहार

संत नामदेवांची एक कथा आपल्याकडे आबालवृद्धांना ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल या काळजीने नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे परंपरा सांगते. या कथेतील भूतदयेचा बोध सर्वांनी घेतला आहे. परंतु तीत आहारविषयक बोधही आहे. नुसते पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे, हा तो बोध होय.

गोव्याच्या खेड्यापाड्यांतील बहुतेक कुत्री घरच्या अन्नावरच वाढतात. सकाळी उरलेली पेज, दुपारी माशाच्या आमटीत कालवलेला भात, शिळा पाव आणि घरी कोंबडी शिजली तर ताटातील हाडे, असा त्यांचा नित्यक्रम असतो. बाजारातील तयार खाद्य पुष्कळांना परवडत नाही. तथापि आपल्या स्वयंपाकघरात नित्य असणाऱ्या जिन्नसांतूनही कुत्र्याचे उत्तम पोषण होऊ शकते. मात्र ते जिन्नस कोणते, किती आणि कसे द्यावेत, हे समजून घेतले पाहिजे.

भातात काय उणे आहे?

कुत्रा हा मूळचा मांसाहारी प्राणी असला, तरी सहस्रावधी वर्षे मनुष्याच्या सहवासात राहिल्याने त्याच्या पचनशक्तीत पालट झाला आहे. पिष्टमय पदार्थ पचविण्यास साहाय्य करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. म्हणून शिजलेला भात त्याला सहज पचतो. भात देणे ही चूक नसून केवळ भात देणे ही चूक आहे. भातातून शक्ती मिळते; परंतु स्नायू, कातडी व केस यांसाठी लागणारी प्रथिने त्यात अल्प असतात आणि हाडांसाठी लागणारे कॅल्शियम तर नाममात्रच असते.

यावर कोणी म्हणेल, की मग भरपूर मांस घालावे म्हणजे झाले. प्रस्तुत लेखकाचीही एके काळी हीच समजूत होती. आमच्या घरी आणलेल्या एका पिल्लाला आई मोठ्या मायेने रोज भात व बिनहाडाचे मांस भरवीत असे. पिल्लू बाळसेदार दिसू लागले. परंतु चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय वाकू लागले व पडवीची पायरी चढताना ते कण्हू लागले. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला तपासून एकच प्रश्न विचारला, “मांस घालता ते ठीक, पण कॅल्शियम कशातून देता?” त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मांसात फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अगदी थोडे असते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते आणि हाडे दुबळी होतात. उपचारांनी पिल्लू बरे झाले खरे, परंतु त्याच्या एका पायाचा बाक शेवटपर्यंत राहिला. दोष मायेचा नव्हता, अज्ञानाचा होता.

एका दिवसाचे माप

सुमारे १५ किलो वजनाच्या, पूर्ण वाढ झालेल्या व निरोगी कुत्र्यास दिवसाकाठी साधारण ८०० ते ९०० किलोकॅलरी लागतात. त्यासाठी पुढील प्रमाण उपयोगी पडेल :

१. तांदूळ (उकडा चालेल) – १०० ग्रॅम
२. कोंबडीचे बिनहाडाचे मांस किंवा काटे काढलेली मासळी – १५० ग्रॅम
३. अंडे – १
४. मूग किंवा मसूर डाळ – ३० ग्रॅम
५. तांबडा भोपळा, गाजर किंवा फरसबी – ८० ग्रॅम
६. खाद्यतेल – २ लहान चमचे
७. अंड्याच्या कवचाची पूड – अर्धा लहान चमचा
८. आयोडीनयुक्त मीठ – एक चिमूट

तांदूळ, डाळ व भाजी एकत्र मऊ शिजवावी. मांस किंवा मासळी पाण्यात वेगळी उकडून, काटे-हाडे काढून, कुसकरून त्यात घालावी. अंडे उकडलेले असावे. तेल व कवचाची पूड अन्न कोमट झाल्यावर मिसळावी. हे अन्न दिवसातून दोन वेळा विभागून द्यावे. आठवड्यातून एकदा मांसाऐवजी थोडे, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, शिजविलेले यकृत द्यावे. त्याहून अधिक देऊ नये, कारण यकृतातील ‘अ’ जीवनसत्त्व अति झाल्यास अपाय होतो.

कवचाची पूड घरीच होते. कवचे स्वच्छ धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळावीत, उन्हात खडखडीत वाळवावीत आणि वस्त्रगाळ होईल इतकी बारीक कुटावीत. अर्ध्या लहान चमच्यातून सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम मिळते. आपण केरात टाकतो ती ही वस्तू. आमच्या पिल्लाला तिचीच उणीव भासली होती.

कुत्र्याचे वजन दुप्पट असल्यास अन्न दुप्पट लागत नाही, सुमारे १.७ पट पुरते. ही मापे अंदाजाची आहेत. खरी परीक्षा हाताने करावी. बरगड्यांवरून हात फिरविला असता त्या बोटांना सहज लागाव्यात, परंतु दुरून उठून दिसू नयेत. नवा आहार एकदम सुरू न करता सात-आठ दिवसांत थोडा थोडा वाढवीत न्यावा. आपल्या दमट हवेत शिजलेले अन्न लवकर आंबते. म्हणून उरलेले अन्न तासाभरात उचलावे. स्वच्छ पाणी मात्र सदैव ठेवावे.

शाकाहारी कुटुंबात मांसाऐवजी अंडी, दही, डाळ व सोयाबीन यांचे प्रमाण वाढवून कुत्र्याचा आहार बसविता येतो. मात्र तो पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा. मांजराला हा नियम लागू नाही. त्याला प्राणिज अन्न आवश्यकच असते.

काय देऊ नये?

आपल्या आमटीतील वाटण कुत्र्याच्या प्रकृतीस मानवत नाही. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे व मनुका यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल त्यास कारण असावे, असे अलीकडे मानले जाते. हे आम्ल चिंचेतही विपुल असल्याने चिंचेचे कालवणही टाळावे. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या साखरविरहित गोळ्या विषासमान होत. तळलेले पदार्थ व खारवलेली सुकी मासळी देऊ नये. कुत्र्याचे अन्न मसाला घालण्यापूर्वीच बाजूला काढावे, हा सोपा नियम होय.

शिजलेली हाडे देणे हा आपल्याकडील सर्वांत रूढ प्रमाद आहे. शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात. आंब्याची बाठ व मक्याचे सोललेले कणीसही आतड्यात अडकते.

कत्तलीनंतर उरलेली कच्ची आतडी, फुप्फुसे वा यकृत कुत्र्यांपुढे कदापि टाकू नये. त्यांतील गळवांवाटे एक सूक्ष्म फीतकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या, विशेषतः अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या, पोटात जाऊ शकतात व यकृतात किंवा फुप्फुसात गळू निर्माण करतात. यास हायडॅटिड रोग म्हणतात. शिक्षकबंधु-भगिनींनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

पशुवैद्यकाचा सल्ला

घरगुती आहाराची एक मर्यादा स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तज्ज्ञांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. जस्त, ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे यांची उणीव घरच्या अन्नात विशेष राहते. वर दिलेले प्रमाणही त्यास अपवाद नाही. म्हणून नित्य घरचेच अन्न देणाऱ्याने पूरक औषधांविषयी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी. पिल्ले, गाभण व अंगावर पाजणाऱ्या कुत्र्या आणि आजारी जनावरे यांच्या गरजा निराळ्या असतात. त्यांना वरील प्रमाण लागू करू नये. रेबीजची लस टोचण्यासाठी कुत्र्याला दवाखान्यात न्याल, त्याच वेळी त्याचे वजन करून घ्यावे व आहाराविषयी दोन शब्द विचारावेत.

कुत्रा आपल्या अंगणाची राखण करतो आणि त्याबद्दल जे पुढ्यात पडेल ते निमूटपणे खातो. काय उणे आहे, हे त्याला सांगता येत नाही. ते ओळखणे हे त्याला अन्न घालणाऱ्याचे काम आहे.