मोटारीवर लिहिणारी बाई

परवा संध्याकाळी वर्गात धडा चालला होता. धड्यात 'इंजिन' हा शब्द आला. आम्ही विचारले, "इंजिन कुणी कुणी पाहिले आहे?" पुरुषमंडळी एकदम बोलू लागली. मागे बसलेल्या एक आक्का हळूच म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या हिरीवर इंजिन हाय. पर मला हात लावू देत न्हाईत. बाईमाणसाला त्यातलं काय कळतं, म्हणत्यात."

आम्ही जरा गप्पच झालो. खरे सांगायचे तर आम्हांला लाज वाटली. आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हा एकदा शाळेत एक ड्रायव्हर आला होता. मोटारीचे बॉनेट उघडून आतले भाग दाखवणार होता. आम्ही मुलग्यांना पटांगणात नेले, आणि मुलींना शिवणाच्या तासाला बसवले. पोरी बिचाऱ्या खिडकीतून बघत होत्या. ती चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नव्हे. म्हणून आज एका बाईची हकीकत सांगतो. ती खरी आहे, आणि इंग्लंड देशातली आहे.

पण आधी थोडे जर्मनीत जाऊ. तिथे कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी मोटार तयार केली. लोक मात्र ती विकत घ्यायला भीत होते. तेव्हा १८८८ साली त्यांची बायको बेर्था हिने काय केले? नवऱ्याला न सांगता मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतले आणि माहेरची वाट धरली. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर रस्ता! तेव्हा पेट्रोलचे पंप कुठले? वाटेत औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतले. नळीत कचरा अडकला, तो टोपीच्या पिनेने काढला. ब्रेक झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. बाईमाणसाला काय कळते, असे म्हणणाऱ्याने ती पिन आठवावी.

आता आपली इंग्लंडची बाई. तिचे नाव डोरोथी लेव्हिट. जन्म १८८२ सालचा, लंडन शहरातला. ती नेपियर नावाच्या मोटारीच्या कारखान्यात लिहिण्याटायपण्याचे काम करी. तिथे तिला मोटार चालवायला शिकवले, आणि पुढे शर्यतीतही उतरवले. बाई मोटार चालवते हे पाहून गिऱ्हाईक येईल, हा व्यापारी हिशेब त्यात होताच. पण बाईला मोटारीची गोडी लागली ती खरीखुरी लागली. नुसते चाक फिरवून तिचे समाधान होईना. आत काय चालते ते तिने शिकून घेतले.

१९०५ साली ती एकटीने मोटार चालवत लंडनहून लिव्हरपूलला गेली आणि परत आली. दोन दिवसांत साडेसहाशे किलोमीटर पल्ला झाला. बरोबर एक पंच होता, तिचे लहानसे कुत्रे होते. पण मिस्त्री नव्हता. १९०६ साली ब्लॅकपूल इथे तिने ताशी ९० मैलांच्या वर, म्हणजे ताशी १४५ किलोमीटरच्या पुढे मोटार पळवली. तेवढा वेग त्या काळी कुठल्याच बाईने गाठलेला नव्हता. तरीही १९०७ साली ब्रुकलंड्स इथे शर्यतीचा नवा रस्ता सुरू झाला, तेव्हा तिला तिथे उतरू दिले नाही. कारण काय, तर ती बाई! मग ती परदेशातल्या स्पर्धांत जाऊ लागली.

पण शर्यतीपेक्षा तिचे दुसरे काम आम्हांला मोठे वाटते. ते काम लिहिण्याचे.

त्या वेळी मोटारीवर लिहिणारे पुष्कळ होते. पण ते पुरुष होते, आणि माहीतगार पुरुषांसाठीच लिहीत. ज्या बाईने बॉनेट कधी उघडलेच नाही, तिच्यासाठी कोण लिहिणार? ही रिकामी जागा डोरोथीने हेरली. 'ग्राफिक' नावाच्या साप्ताहिकात ती बायकांसाठी मोटारीवर लिहू लागली. १९०९ साली तिचे पुस्तकही निघाले. 'बाई आणि मोटार' असा त्याच्या नावाचा अर्थ. मोटार तेव्हा श्रीमंतांकडेच असे, म्हणून तिच्या वाचक बायका पैसेवाल्या होत्या, हे मात्र विसरू नये.

पुस्तकात काय आहे? मोटार सुरू करण्यापूर्वी काय काय तपासावे, ते आहे. टाकीत पेट्रोल आहे का? पाणी आहे का? तेल आहे का? पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण इंजिनात जाते. ठिणगी पडली की ते पेटते. त्या दाबाने आतला दट्ट्या हलतो, आणि त्याच्या जोरावर चाक फिरते. मोठे शब्द न वापरता तिने हे समजावले आहे.

त्या वेळची मोटार पुढे उभे राहून हँडल मारून सुरू करावी लागे. डोरोथी सांगते, हँडल खाली दाबू नका, वर ओढा. का बरे? ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते. वर ओढताना हँडल बोटांतून सुटून जाते. खाली दाबत असाल तर मनगट मोडते. असली गोष्ट ज्याने हँडल मारले आहे त्यालाच सुचते.

कपडे कसे घालावेत तेही आहे. लेस नको, झालर नको. आणखी एक गंमत बघा. बसायच्या जागेखालच्या खणात हातातला आरसा ठेवा, असे ती म्हणते. आम्हांला वाटले, तोंड बघायला असेल! तेही आहेच. पण मधूनमधून तो उंच धरून मागून कोण येते ते पाहावे, असे तिने लिहिले आहे. गाडीलाच आरसा बसवून देण्याची चाल पुढे पडली. आज ट्रकला, एस. टी.ला, मोटारसायकललाही आरसा असतो.

डोरोथीचे पुढचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९१० नंतर तिचे नाव फारसे ऐकू येत नाही. १९२२ साली, अवघ्या चाळीस वर्षांची असताना ती लंडनमध्ये वारली.

ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली. आक्का काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्या पाटी घेऊन आल्या. पाटीवर लिहिले होते:

"आधी तेलाची काडी बघावी. पानी बघावं. डिझेलचा काक सोडावा. वरची कळ उचलून हँडल फिरवावं. जोर धरला की कळ पाडावी. पदर खोचून घ्यावा."

"हे कुणी सांगितलं, आक्का?" आम्ही विचारले.

"कुणी न्हाई. रोज बघती की."

आम्ही 'पानी'चे 'पाणी' आणि 'काक'चा 'कॉक' केला. पदराची ओळ पुरुषांच्या ध्यानात आली नसती. ती आम्ही फळ्यावर सर्वांत वर लिहिली, आणि वर्गाने उतरून घेतली.