काढाही डॉक्टरांना सांगा

"थायरॉइडच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं आणि आमच्या वहिनी म्हणाल्या, "काही नाही." डोळे पिवळेजर्द, लघवी गडद, फोडणीच्या वासानंही मळमळ. त्या काही लपवत नव्हत्या. २०२० च्या टाळेबंदीपासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा पोटात जात होता. पण काढ्याला आपल्या घरांत औषध म्हणून कुणी धरतच नाही.

कावीळ म्हणून ए, बी, सी, ई साऱ्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. सोनोग्राफीत पित्ताचे खडेही नव्हते. शेवटी एका तरुण डॉक्टरणीनं वेगळ्या शब्दांत विचारलं, "काकू, प्रतिकारशक्तीसाठी काही उकळून पिता का?" तेव्हा कुठे गुळवेल पुढे आली.

तोवर काविळीचं औषध देणाऱ्यांचे पत्ते घरी येऊन पोचले होते. कुणी नाकात थेंब टाकणारा, कुणी माळ घालणारा, कुणी मुळीचा रस देणारा. माणसं मायेनंच सांगतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा. सुजलेल्या यकृतावर आणखी एका अनोळखी मुळीचा भार कशाला? दादा ठाम राहिले, याचं मला आजही समाधान वाटतं. काढा बंद झाला, स्टिरॉइड सुरू झालं आणि बिलिरुबिन हळूहळू उतरलं.

वहिनी एकट्या नव्हत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असेच सहा रुग्ण नोंदवले. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते आणि ज्यांच्या शरीरात ही शक्ती आधीच स्वतःच्या पेशींवर उलटलेली असते, त्यांच्यात यकृतावर घाला पडतो, असा या डॉक्टरांचा निष्कर्ष. आयुष मंत्रालयाला तो मान्य नाही. गुळवेल सुरक्षित आहे, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर दोन्ही बाजूंतून घरच्या माणसाला एकच गोष्ट कळते: कुंपणावरची वेल नेमकी कोणती, हे आपल्याला ओळखता येत नाही आणि आपल्या शरीरात काय दबा धरून बसलंय, हेही. थायरॉइड, आमवात किंवा यकृताचा जुना विकार असेल, तर मनानं काढा सुरू करू नका.

काही वनस्पती तर कुणालाच सोडत नाहीत. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, आताच्या छत्तीसगडमध्ये, गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या जातीतल्या एका रानरोपाचं बी मिसळलं गेलं. त्यातल्या विषानं यकृतातल्या बारीक शिरा बुजल्या, पोटात पाणी साठलं, माणसं दगावली. म्हणून सुटं धान्य पाखडताना अनोळखी बी दिसलं तर काढून टाका.

थकवा, अन्नावरची वासना उडणं, अंगाला खाज, गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर काढा, चूर्ण, हर्बल चहा त्याच दिवशी थांबवा आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. डॉक्टरांकडे जाताना डबा, पुडी, वेलीचा तुकडा सोबत न्या. किती आणि केव्हापासून घेत होता, ते सांगा. बरं वाटल्यावरही तपासण्या चुकवू नका. वहिनींची रक्ततपासणी अजून ठरल्या वेळी होते.